अर्धं शटर

शटर अर्धं खाली ओढून वस्ताद खुर्चीत बसला आणि त्याने डोळे मिटले. लगेच उघडले. समोर आरसा. आरशात स्वतःचंच तोंड, आणि डावा कल्ला उजव्यापेक्षा खाली आलेला.

"हात्तिच्या!" उठला. कात्री घेतली, डावा कल्ला सारखा केला. मग उजवा लांब वाटायला लागला. तोही कापला. परत बसला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, रोज सकाळी नुसतं बसायचं. श्वास येतो-जातो तेवढा बघायचा. हात शांत व्हायला हवा तर आधी तुम्ही शांत व्हा. सांगायला काय जातं? जन्मभर उभ्याने लोकांची डोकी केलेल्या माणसाला नुसतं बसणं म्हणजे शिक्षाच. पण न बसून सांगतो कोणाला! कालच एका जुन्या गिऱ्हाइकाच्या कानामागे वस्तऱ्याने लाल रेघ उमटली होती. म्हातारा बिचारा ओरडलासुद्धा नाही. तुरटी फिरवून घेतली आणि जाताना पाठीवर हात ठेवून म्हणाला, "होतं हो वस्ताद. वय झालं आपलं." शिवी घातली असती तरी परवडली असती. हात गेला म्हणजे दुकान गेलं, आणि दुकान सोडून वस्तादाला दुसरं काही येत नव्हतं.

डोळे मिटले. श्वास आत. नळ गळतोय. श्वास बाहेर. वॉशर आणायचा राहिलाच. श्वास आत. टॉवेल वाळले असतील का? शेजारचा चांभार आज लवकर आलाय वाटतं, ठोकतोय बघा मेला. अरे, श्वास कुठे गेला? आत होता की बाहेर?

एक डोळा किलकिला करून त्याने खाली बघितलं. मांडीवरची बोटं आपल्या आपण कात्री चालवत होती. डाव्या हाताने उजवा दाबून धरला, तर डावा कंगवा धरल्यासारखा वळला.

इतक्यात शटरखाली चपला दिसल्या, मग गुडघे, मग वाकलेलं एक तोंड. "वस्ताद, उघडलंय का? फक्त दाढी हो. गाडी पकडायचीय."

"या, या, बसा!" वस्ताद असा उठला, जशी शाळाच सुटली. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवलं, वस्तरा उचलला, नवं पातं घालायला गेला. जाईना. परत घालून बघितलं. पातं वस्तऱ्याच्या कडेवर आपटत राहिलं. टिक टिक टिक.

मागच्या दारातून बायको वाळलेले टॉवेल घेऊन आत आली. टिकटिक तिने ऐकली.

"आजही उठलात?"

"गिऱ्हाईक आलंय ना."

"गिऱ्हाईक रोजच येणार. येईनासं झालं म्हणजे मग बसा निवांत."

"वहिनी, पटकन होईल," गिऱ्हाईक मध्ये पडलं. "जरा घाईत आहे मी."

"दादा, ते तुमच्या गळ्यावर फिरणार आहे. त्यांच्या हाताकडे बघा तरी एकदा."

गिऱ्हाइकाने बघितलं. त्याचा हात नकळत स्वतःच्या गळ्याकडे गेला. "मी आपला बाहेर पेपर वाचतो," म्हणत तो उठला.

"आणि गाडी?" वस्तादाने विचारलं.

"पुढची पकडू की!" तोपर्यंत तो शटरखालून पारही झाला होता.

वस्ताद बायकोवर भडकला. "गिऱ्हाइकासमोर लाज काढलीस माझी!"

"लाज येते परत. कापलेली मान येते का?"

वस्तादाने वस्तरा खाली ठेवला. आवाजही खाली आला. "मला जमत नाही गं. डोळे मिटले की सगळं दुकान डोक्यात उघडतं. कोणीतरी बांधून घातल्याशिवाय मी बसायचा नाही."

बायकोने टॉवेल बाकावर टाकून खुंटीवरचं पांढरं कापड काढलं आणि फटकन झटकलं. हे कापड एकदा गळ्याला बांधलं की भले भले गाईसारखे होतात. फोन वाजो, साहेब बोलावो, अर्धं डोकं भादरलेला माणूस उठून जाणार कुठे?

"बसा."

तो बसला. तिने खुर्ची गर्रकन फिरवून आरशाकडे पाठ केली, कापड अंगावर पसरलं आणि मानेमागे गाठ मारली. जरा आवळूनच.

"मान हलवायची नाही," ती म्हणाली. हे वाक्य त्याने आजवर सगळ्या गावाला ऐकवलं होतं. त्याला कोणी ऐकवलं नव्हतं.

वस्तादाने डोळे मिटले. कापडाखाली हात चालूच होते. पांढऱ्या कापडावर लाट उठायची, विरायची, परत उठायची. ती बाकावर बसून टॉवेलांच्या घड्या घालायला लागली.

बाहेरून हाक आली. "वहिनी, उघडताय का?"

"थांबा जरा," ती म्हणाली. "आत गिऱ्हाईक बसलंय."