मोसमाआधीचं तेल

ड्रेन प्लग काढा.

काढला. चेनकेसमधलं तेल खालच्या पातेल्यात पडू लागलं. मधासारखं स्वच्छ. गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर नझीरनेच ओतलं होतं, तसंच्या तसं. वर्षभरात त्या तेलाला काडीचं काम नव्हतं.

तेलात लोखंडाचा चुरा दिसतो का, पाहा.

बोटावर घेऊन पाहिलं. नाही. चुरा पडायला चेन फिरावी लागते. चेन फिरायला गाडी धावावी लागते. ही गाडी धावायला बर्फ लागतो. आणि शुवैखच्या त्या गोदामाबाहेर, नजर पोचेल तिथपर्यंत, कुवेत होतं.

गाडी कॅनडाची. पुढे चाकांऐवजी बर्फावर घसरणाऱ्या दोन पट्ट्या, मागे रबरी पट्टा, रंग पिवळाधमक. सिमेंटच्या धंद्यात वर आलेल्या अरबाबने, म्हणजे नझीरच्या मालकाने, ती बैरूतच्या एका दुकानात पाहिली आणि तिथल्या तिथे घेतली. विकणाऱ्याने बजावलं होतं, मोसमाआधी चेनकेसची देखभाल चुकवू नका. मोसम कुठला, हे त्याने सांगितलं नाही. अरबाबने विचारलं नाही. गाडीच्या पुस्तकातला प्रत्येक हुकूम मात्र त्याने नझीरकडून घोकून घेतला होता.

चेनचा ढिलेपणा तपासा.

तपासला. अंगठ्याने दाबली, हवी तेवढीच दबली.

"झाली का रे तुझी नवरी नटवून?" दारातून मुस्तफाने विचारलं. मुस्तफा अरबाबच्या घरचा खानसामा. दोघे हर्णैचे, एकाच मोहल्ल्यातले.

"नवरी तिकडे बसलीय," नझीर म्हणाला.

मुस्तफाचं हसू मावळलं. नझीरच्या लेकीचा, मुनिराचा निकाह रमजानच्या आधी व्हायचा होता. जावई बोटीवरचा. रमजान लागला की तो जहाज धरणार, मग त्याचं तोंड दिसायला दोन वर्षं. गेल्या खेपेला मुलाकडच्यांनी थांबून घेतलं होतं. बाप नाही तर निकाह नाही, असा नझीरच्या घरचा हट्ट. यंदा ते थांबणार नव्हते. सरळ दुसरी मुलगी बघणार होते.

रजा मागितली की अरबाब म्हणे, मोसमात चेनकेसवाला जागेवर हवा. मोसम टळला की उन्हाळा. उन्हाळ्यात अरबाबच्या घरातले एअरकंडिशनर बंद पडून बसत, म्हणजे नझीर उभा. आणि पावसाळ्यात हर्णैला लग्नं होत नाहीत.

"जाऊन खरं सांगतो," नझीर म्हणाला. "अरबाब, इथे बर्फ पडत नाही."

"रियाजने सांगितलं होतं खरं. आता गावच्या खाडीवर बोंबील सुकवतोय."

तेही खरं होतं. रियाज नझीरच्या आधीचा मेकॅनिक. जाताना त्याला सामान बांधायलाही सवड मिळाली नव्हती.

"मग काय सांगू?"

"पडला म्हणून सांग, नझीरभाय." मुस्तफाने डोळा मारला. "पडला, वितळला, आटपला. मोसम संपला! आता पडत नाही असं म्हणायचं कुणी? त्याने स्वतःने? मेला तरी म्हणणार नाही."

गॅस्केट नवं बसवा.

बसवलं. बसवता बसवता नझीरला ती युक्ती पटत गेली. पडत नाही म्हटलं तर अरबाब तोंडघशी पडतो. पडला म्हटलं तर तोंडघशी कोण पडतो? कुणीच नाही. शेवटचा बोल्ट आवळेपर्यंत त्याला मुनिराच्या हातावरची मेंदी दिसू लागली होती.

ताजं तेल भरा.

भरलं. हात पुसले. गेला.

अरबाब आपल्या खोलीत एकटाच कॉफी घेत होता. भिंतीपलीकडे दिवानियात, पुरुषांच्या बैठकीत, रोजचे व्यापारी जमले होते, त्यांचं हसणं ऐकू येत होतं. दर हिवाळ्यात हीच मंडळी विचारत, "काय, धावली का गाडी?" आणि अरबाब म्हणे, "मोसम येऊ द्या."

"अरबाब," नझीर म्हणाला, "मोसम संपला."

कप ओठांशी थांबला.

"आला कधी?"

"आज पहाटे. फजरच्या नमाजाआधी. गोदामामागे सगळं पांढरं झालं होतं. ऊन आलं आणि गेलं. यंदा थोडक्यात आटपला." नझीरने श्वास घेतला. "तर ती रजा..."

नझीर पायाच्या अंगठ्याने गालिचा चाचपत उभा. आता एकतर हा मला खोटा म्हणणार, नाहीतर जा म्हणणार.

अरबाबने दोन्हीतलं काही केलं नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. कप खाली ठेवून तो उठला, नझीरचं मनगट पकडलं आणि त्याला फरफटत दिवानियात घेऊन गेला.

"पडला!" तो गरजला. "ऐकताय? पडला! हा माझा साक्षीदार!"

हसणं थांबलं. एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याने हातातली तसबीहची माळ खाली ठेवली.

"किती पडला?"

सगळे नझीरकडे पाहू लागले. अरबाबची पकड घट्ट झाली. बोंबील, खाडी, रियाज, असं सगळं नझीरच्या डोळ्यांपुढून गेलं.

"घोट्यापर्यंत," तो म्हणाला.

"वल्लाह!" म्हातारा म्हणाला. मग बाकीचेही म्हणाले. कुणी उठून अरबाबचा खांदा चुंबला. कुणी विचारलं, अशी गाडी आपल्यालाही मागवता येईल का. कॉफी आली. नझीरच्या हातातही कप आला. पाच वर्षांत पहिल्यांदा.

गलका जरा ओसरल्यावर तो अरबाबच्या कानाशी वाकला. "अरबाब, मग मी जाऊ? मोसम तर संपला."

अरबाबने त्याच्या गळ्यात हात टाकला. असा हात त्याने सख्ख्या भावाच्याही गळ्यात कधी टाकला नव्हता.

"संपला? अरे वेड्या, आत्ता तर सुरू झाला!"