टोलेफसनची नळी

लवॉननं पहिली गोळी झाडली आणि रायफलचा बोल्ट उघडा ठेवला. नळी निवू दे, हा बाबांचा नियम. एक गोळी, मग थांबायचं. नळीवर तळहात टेकवून सावकाश दहा आकडे मोजता आले, तरच दुसरी.

तिच्या मागे, प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरीपलीकडे, तिचे बाबा आर्व्हिड टोलेफसन उभा होता. वय एकोणऐंशी. यंदा हात कापायला लागले म्हणून त्याच्या जागी नेमबाजीच्या बाकावर मुलगी बसली होती. तीही त्रेचाळीस वर्षांची, दोन लेकरांची आई. नेम धरायला ती कुरणात शिकली, प्रेअरी डॉगांवर, म्हणजे जमीन पोखरणाऱ्या खारींवर. त्यांच्या बिळांत गाईगुरांचे पाय मोडतात, म्हणून मोंटानाच्या आमच्या या कोपऱ्यात बारीक गोळीची, लांब पल्ल्याची रायफल घरोघरी असते. पण आर्व्हिडच्या स्विफ्ट रायफलची बातच वेगळी. स्विफ्टची गोळी सुसाट जाते आणि जाताना नळी आतून खाते, तापलेली असली तर जास्तच. बाकीचे दोन-तीन वर्षांत नवी नळी बसवतात. आर्व्हिडची एकोणीस वर्षं चालली होती.

ती काही दैवानं चालली नव्हती. हिवाळाभर तो स्वयंपाकघराच्या टेबलावर काडतुसं भरायचा. पितळी पुंगळ्या एकसारख्या निवडायच्या, दारू कण न् कण तोलायची, आणि तीही हात राखून. त्याची बायको म्हणायची, "माझ्या सुपात मीठ टाकताना कधी एवढा जीव लावला नाहीस!" झाडलेली प्रत्येक गोळी वहीत मांडलेली. बंदुका दुरुस्त करणारा हेन्रिक नळीत बारीक दुर्बीण घालून बघायचा आणि दरवर्षी मान डोलवायचा. "आतून आरसा आहे रे!" हे वाक्य आर्व्हिड वर्षभर सगळ्या गावाला ऐकवायचा. आम्हीही ऐकून घ्यायचो. अभिमान वाटावा असंच काम होतं ते.

फक्त एकच गोष्ट होती. क्लबच्या वार्षिक नेमबाजीत तो अकरा वेळा दुसरा आला होता. पहिला एकदाही नाही.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. सात मिनिटांत पाच गोळ्या मारायच्या, आणि आमच्याकडचा वारा मिनिटभरही एका मताचा नसतो. शहाणा माणूस वारा पडायची वाट बघतो, आणि पडला की पाचही गोळ्या एका दमात मारून मोकळा होतो. आर्व्हिड प्रत्येक गोळीनंतर नळी निववत बसायचा. तेवढ्यात वारा फिरायचा आणि एक गोळी नखभर बाहेर जायची. हे त्याच्या तोंडावर बोलायची हिंमत एकट्या ड्यूई क्रॅमरची. "तुझी नळी तुझ्या पतवंडांना पुरेल, आर्व्हिड," तो म्हणायचा, "पण पहिला नंबर काही तिच्या नशिबात नाही."

आज सकाळी ट्रकमधून उतरताना आर्व्हिड मुलीला म्हणाला होता, "हरलीस तरी चालेल, बाई. नळी तापवू नकोस." आणि लवॉननं हो म्हटलं होतं.

आता तिनं नळीवर तळहात टेकवला. एक, दोन, तीन. समोर निशाणापर्यंत पाच झेंड्या लावलेल्या होत्या. पाचही खाली लोंबत होत्या. वारा पडला होता. डावीउजवीकडे सगळे धडाधड मारत सुटले होते. चार, पाच. सर्वांत लांबची झेंडी किंचित हलली. टेकड्यांकडून वारा निघाला होता. सहा.

दहा मोजून होईपर्यंत तो इथे पोचला असता, आणि टोलेफसन घराणं बाराव्यांदा दुसरं आलं असतं. मागं वळून विचारायची सोय नव्हती. बाकावरच्या माणसाशी दोरीपलीकडून कुणी अक्षर बोलत नाही, ही आमची रीत.

लवॉननं हात उचलला आणि बोल्ट बंद केला.

चार गोळ्या. वीस सेकंद.

शेवटची सुटली आणि पाचही झेंड्या ताठ उभ्या राहिल्या. लोकांनी कानांवरची झाकणं काढली, पण निशाणाकडे कुणी बघेना. सगळे आर्व्हिडकडे बघत होते. त्याचा चेहरा दगडासारखा. लवॉन बाकावरच बसून राहिली. नळीवरची हवा थरथरत होती. दिलेला शब्द मोडला होता, आता मागं वळून बघायचं कुठल्या तोंडानं, हेच तिला कळेना.

पंच हेलननं सगळ्यांचे निशाणाचे कागद आणले. लवॉनचा दोनदा मोजला. पाच गोळ्यांचं मिळून एकच भोक, डाइमच्या, आमच्या सगळ्यांत छोट्या नाण्याखाली सहज झाकेल एवढं. हेलननं एक बोट वर केलं.

पहिला नंबर. तरी टाळी वाजेना.

ड्यूईला राहवलं नाही. "अरे आर्व्हिड! एकोणीस वर्षं लेकरासारखी जपलेली नळी, आणि पोरीनं वीस सेकंदांत भाजून काढली की रे! आता बोल काहीतरी!"

लवॉन उठली. "बाबा, मी शब्द मोडला."

आर्व्हिड दोरीखालून वाकून आत आला. नळीकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही. तो मुलीशेजारी जाऊन उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलला.

"नळीचं काय घेऊन बसलास, ड्यूई? नळी हे निमित्त होतं. वारा पडला की भराभर मारायची माझी छातीच व्हायची नाही. अकरा वेळा झाली नाही. माझ्या लेकीची पहिल्याच वेळी झाली!"