महिन्याची एकच भेट

भेटीची घंटा होऊन पाच मिनिटं झाली, तरी जाळीपलीकडे कोणी आलं नाही. बाई पुस्तक उघडून बसून राहिल्या. शेवटी शिपाई आला आणि म्हणाला, तो यायला तयार नाही.

बाईंना काही कळेना. गेले सात महिने, दर पहिल्या शनिवारी, त्या या तुरुंगात येत होत्या. शाळेतून निवृत्त झाल्यावर घर खायला उठलं होतं. एका रविवारी चर्चमध्ये पाळकांनी विचारलं, तुरुंगातल्या माणसांना भेटायला कोण जाईल? मंडळी एकमेकांची तोंडं बघू लागली, तेव्हा बाईंनी हात वर केला. त्यांच्या वाट्याला हा वेल्डर आला. दारू पिऊन गाडी चालवताना त्याने एका माणसाला जन्माचं अधू केलं होतं.

तो कधी फारसा बोलला नाही. बाई शास्त्रातला एखादा अध्याय वाचत, तो ऐकून घेई, निघताना मान हलवी. बाईंना वाटे, दगडाला हळूहळू पाझर फुटतोय. आणि आज हे.

त्यांनी शिपायाला पुन्हा आत पिटाळलं. शाळेतला हट्ट अजून गेला नव्हता. या वेळी वेल्डर आला आणि खाली मान घालून समोर बसला.

“पुढच्या महिन्यापासून येऊ नका, बाई.”

माझं काही चुकलं का, असं त्यांनी विचारलं. नाही म्हणाला. प्रार्थना नको झाली का? तर हवी म्हणाला. मग दुसऱ्या कोणाला पाठवू? त्यालाही नाही. बाईंचं डोकं चक्रावलं. सगळा जन्म पोरांचे बहाणे ओळखण्यात गेला होता, पण हा एक माणूस काही उलगडेना.



“महिन्याला एकच भेट मिळते,” तो म्हणाला. “चर्चची यादी आधी येते, तुमचं नाव लागतं. आई येते ती कपड्यांची पिशवी फाटकावर देते आणि परत जाते. तिनंच निरोप दिला होता, बाईंना येऊ दे, तू काही बोलू नकोस. पण आता तिला काचबिंदू झालाय. उरलीसुरली नजर वर्षभरही टिकायची नाही म्हणतात.”

बाईंनी पुस्तक मिटलं. त्या दिवशी वाचन झालंच नाही.

आई फाटकाबाहेरच्या बाकावर बसली होती. बाईंनी ओळख सांगितली, तशी ती धडपडत उठली. तिने एकच गोष्ट विचारली.

“बारीक झालाय का हो तो?”

सात महिन्यांत वाचलेला एकूण एक अध्याय बाईंना सांगता आला असता. पण तो आधी कसा होता आणि आता कसा दिसतो, काही आठवेना. त्यांचे डोळे सारे दिवस ओळींवरच होते.

पुढच्या महिन्यात तुम्हीच बघा, असं त्या कशाबशा म्हणाल्या. म्हातारी घाबरली. मी अडाणी, मी जाऊन नुसती रडणार, असं म्हणत तिने बाईंचा पदर धरला. तुमच्या वाचण्यावरच तो तगलाय, ते बंद करू नका.

आता बाईंना सुधरेना. लेक म्हणतो येऊ नका, आई म्हणते जात राहा. बंदिवानाची भेट घ्या, असं शास्त्र सांगतं. आणि त्यांच्या त्याच भेटीपायी एक आई फाटकावरून परत जात होती. रविवारी त्यांनी पाळकांना गाठलं. पाळकांनी मान खाजवली. भेटा असं लिहिलंय खरं, ते म्हणाले, पण कोणाच्या पाळीत, ते काही लिहिलेलं नाही. मग आपण प्रार्थना करू म्हणाले. बाईंना थोडा रागच आला. प्रार्थना करून झाली होती. उत्तर तेवढं यायचं राहिलं होतं.

सोमवारी त्यांनी तुरुंगाच्या कचेरीत जाऊन आपलं नाव कमी करवलं. बरोबर केलं की चूक, ते तेव्हाही ठरलं नव्हतं.

पहिल्या शनिवारी त्या म्हातारीला घरून घेऊन आल्या. अर्ज त्यांनी भरला, अंगठा तिने उठवला. ती आत गेली आणि बाई बाकावर बसल्या, वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारख्या. मनात येऊ नये ते आलं: त्याला आपली आठवण तरी असेल का? विचाराची त्यांची त्यांनाच लाज वाटली.

अर्ध्या तासाने म्हातारी बाहेर आली. डोळे सुजलेले, पण चेहरा उजळलेला. बारीक झालाय म्हणाली, कानाजवळचे केस पिकलेत, एक दात पडलाय. सगळं सगळं बघून घेतलं म्हणाली. मग चाचपडत तिने बाईंचा उजवा हात शोधला आणि आपल्या दोन्ही हातांत धरला.

“तुमचंच विचारत होता. म्हणाला, तीन महिने झाले, पुस्तक धरताना बाईंचा हा हात थरथरतोय. त्यांच्याकडे बघणारं कोणी नाही वाटतं, आई. तू त्यांना डॉक्टरकडे घेऊन जा.”