टाकू नका
लॅबप्रमुख बाईंना अख्खं हॉस्पिटल पाठीमागे ‘गोगलगाय’ म्हणायचं. त्या दिवशी सर्जन तणतणतच आत आले. “त्या पोरीच्या जखमेतला पू जंतू वाढवायच्या तबकडीत दोन दिवस ठेवलात, ती कोरीच आहे. फेका! जंतू मेले. रिपोर्ट द्या, तिची आई पिशवी भरून बसलीय.” “दोनदा घरी सोडलंत, दोनदा तापाने फणफणून परत आली. थांबा.” बाईंनी तबकडीवर ‘टाकू नका’ अशी चिठ्ठी चिकटवली, ती उबेच्या कपाटात परत ठेवली आणि स्वतः कपाटाच्या दाराला पाठ टेकून उभ्या राहिल्या. सर्जन दातओठ खात गेले. तिसऱ्या दिवशी बाईंनीच त्यांना बोलावून तबकडी उजेडात धरली. टाचणीच्या टोकाएवढे जंतूंचे ठिपकेच ठिपके! सर्जन वरमले. “एवढं औषध देऊनही?” “सावकाश वाढणारे जंतू औषधाला सहजी दाद देत नाहीत. उपचार बदला,” बाई म्हणाल्या. “आणि आरडाओरड्याला गोगलगायही दाद देत नाही.”