खंडेनवमीचं पाणी

चिकलठाण्याच्या कारखान्यात दर खंडेनवमीला मशीन पुजणाऱ्या अण्णांनी यंदा लेकीनं स्वतः जोडलेल्या पहिल्या कॉम्प्युटरवर फुलानं पाणी शिंपडलं. हिमानीनं बटण दाबलं. पंखे फिरले, पण स्क्रीन काळीच राहिली. “अण्णा, हे काय लेथ मशीन आहे? बोर्ड जाळलात तुम्ही!” ती ओरडली. अण्णांनी टेबलफॅन आणून उघड्या कॅबिनेटसमोर लावला आणि स्वतः घाम पुसत शेजारी बसले. ते जेवायला उठल्यावर हिमानीनं टॉर्च मारून आत पाहिलं. बोर्ड कोरडा होता. प्रोसेसरला वीज देणारी वायर जोडायलाच ती विसरली होती. वायर खोचून बटण दाबताच स्क्रीन उजळली. अण्णा उष्ट्या हातानंच धावत आले. “वाळलं बघ एकदाचं!” खरं सांगायला हिमानीनं तोंड उघडलं. “हो, वाळलं.” “पुढच्या वर्षी लांबूनच हात जोडीन बाई,” म्हणत अण्णांनी फॅन बंद केला.