सातवा रकाना

सत्त्याऐंशी साली अंधेरीच्या एका कंपनीत सुगंधा विम्याचे फॉर्म कॉम्प्युटरवर चढवायची. बोटं नुसती पळायची. कुणाचं नाव, कुणाचा आजार, काही डोक्यात शिरत नसे. पण त्या दिवशी गठ्ठ्यातून तिचा स्वतःचाच फॉर्म निघाला आणि तिची बोटं थांबली. सातव्या रकान्यात, 'फिट येतात का?' या प्रश्नापुढे बाबांनी प्रामाणिकपणे 'होय' लिहिलं होतं. लग्न पंधरा दिवसांवर, सासरी याचा पत्ता नाही, आणि तिने चढवलेला प्रत्येक फॉर्म पडताळणीसाठी पुन्हा टाइप करणाऱ्या रुक्मिणीताई म्हणजे नवऱ्यामुलाची सख्खी आत्या! सुगंधाने इकडेतिकडे पाहिलं, 'नाही' टाइप केलं आणि फॉर्म गठ्ठ्याच्या मधोमध सरकवला.

दुपारी रुक्मिणीताई तोच गठ्ठा घेऊन बसल्या. शेजारणीशी लोणच्याच्या गप्पा चालू, बोटंही चालू. सुगंधा तिकडेच बघत होती.

एकाएकी रुक्मिणीताईंचं मशीन पीं करून अडलं. दोघींनी टाइप केलेलं जुळलं नाही, की ते अडायचंच; घाबरण्याच्या भरात सुगंधा नेमकं हेच विसरली होती.

"काय गं सुगंधा, कुठे चुकलीस बघू," म्हणत रुक्मिणीताईंनी चष्मा पुसला, आणि अख्ख्या दिवसात तो एकच फॉर्म नीट वाचायला घेतला.