एकेरी

चौतीस वर्षं रुग्णांना अंघोळ घालून नर्सबाई निवृत्त झाल्या आणि ऐन हिवाळ्यात एकट्याच प्रवासाला निघाल्या. वाटेतल्या एका गावात गरम झऱ्याचं सार्वजनिक स्नानगृह होतं. बायका हसतखिदळत एकमेकींच्या पाठी चोळत होत्या. नर्सबाई अंग चोरून कोपऱ्यात बसल्या. शेजारच्या अनोळखी आजीबाईंनी न विचारताच त्यांच्या हातातला साबण काढून घेतला.

"अहो, राहू द्या, मी करते."

"गप बस बघू. डोळे मीट, साबण जाईल."

पाठ, मान, केस, सगळं चोळून झालं. डोक्यावरून कढत पाण्याचे चार तांबे आले.

"झालं गं. उघड आता डोळे."

आई गेल्यापासून त्यांना 'गं' म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. डोळे घट्ट मिटूनच त्या म्हणाल्या, "अजून थोडा राहिलाय साबण."